एक बोट मोठी अक्षरे

"अक्षराचं वळण सुरेख आहे," नमुन्याचा शर्ट उजेडाकडे धरून उकिडवे साहेब म्हणाले. मग त्यांनी त्याची नीट चौघडी घातली आणि तो माझ्या मेजावर ठेवला. "पण तूर्त छापू नका, सातपुते."

हे 'तूर्त' त्या महिन्यात मी तिसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्या खेपेस कंपनीच्या चिन्हातील चहाचे पान थोडे झुकलेले हवे होते. ते मी झुकवले. दुसऱ्या खेपेस पिवळ्यावर हिरवे खुलत नाही असे पुण्याच्या कचेरीचे मत पडले. तेव्हा मी काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत 'रानवेल चहा' असे छापून दाखवले. आता पान झुकलेले होते, रंग ठरला होता, आणि तरीही साहेबांच्या मुद्रेवर समाधान दिसत नव्हते.

ही हकिकत एकतीस वर्षांपूर्वीची आहे. कोल्हापुरात पिंपळवेशीच्या तोंडाला माझे स्क्रीन प्रिंटिंगचे लहानसे दुकान होते आणि मी पिंपळवेस तालीम मंडळाचा सेक्रेटरी होतो. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु वाचनाची आवड असल्यामुळे मंडळाचा सर्व पत्रव्यवहार माझ्याकडे असे. आमच्या शहरात तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेपेठेला तालीम आहे आणि तालमीतालमीला फुटबॉलचा संघ आहे. सकाळी ज्या मातीत पैलवान उतरतात, तिच्या शेजारच्याच खोलीत खेळाडूंचे बूट खुंटीला टांगलेले असतात. आमचा शर्ट पिवळा, छातीवर आडवा काळा पट्टा. आमचे हाडवैरी म्हणजे दगडी चावडी तालीम मंडळ. त्यांचा शर्ट निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा.

रानवेल कंपनीने आमच्या शर्टावर नाव घालण्याचे बोलणे स्वतःहून काढले होते. संघाला वर्षाचे शर्ट, बूट आणि चेंडू मिळणार होते. परंतु माझे चित्त निराळ्याच कलमात गुंतले होते. संघातील एका खेळाडूस कंपनी आपल्या गोकुळ शिरगावच्या गोदामावर कायम नोकरी देणार होती, आणि कराराच्या कच्च्या मसुद्यात 'श्री. संताजी बळवंत सातपुते' हे नाव टंकलिखित झालेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

संताजी माझा धाकटा भाऊ आणि संघाचा कर्णधार. त्याच्या नावाला तालमीत कोणी हरकत घेतली नाही, कारण सर्वांना त्याचे हाल ठाऊक होते. तो उद्यमनगरातील एका फौंड्रीत साच्यात लोखंडाचा रस ओतण्याचे काम करी. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग पडलेले, आणि उजवा गुडघा सामन्यानंतर दोन दिवस सुजलेला. फौंड्रीच्या मालकाने त्याला स्पष्ट सांगितले होते की हा हिवाळा शेवटचा. पुढच्या मोसमात सामन्याची सुट्टी मिळणार नाही, एक तर भट्टीवर ये, नाही तर मैदानावर जा. रानवेलची नोकरी मिळाली असती तर त्याचा खेळ राहिला असता. न मिळाली तर अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला असता. इतके ते सरळ होते.

"आता अडचण कोणती, साहेब?" मी विचारले.

उकिडवे साहेब रानवेलचे विक्री अधिकारी, मूळचे पुण्याचे, बोलणे मृदू. ते म्हणाले, "असं बघा, आमच्या इथल्या वितरकानं एक प्रश्न काढलाय. पिंपळवेशीच्या शर्टावर आमचं नाव आलं, तर दगडी चावडीकडची मंडळी आमचा चहा घेतील का?"

चहाचा आणि चेंडूचा काय संबंध, असे काहीसे उत्तर मी जुळवू लागलो. परंतु ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. दगडी चावडीच्या संघाला विजयाचे हार घालणाऱ्या बेकरीची खारी आमच्या घरात चार वर्षे आली नव्हती, आणि ती बंद करणारा मीच होतो.

"पुण्याला विचारतो," साहेब उठत म्हणाले. "पुढच्या आठवड्यात नक्की कळवतो."

तो पुढचा आठवडा काही केल्या येईना. मी रोज सकाळी पेठेतल्या टेलिफोन बूथवर जाऊन उभा राही. साहेब कधी सांगलीला असत, कधी बैठकीत असत, कधी आताच बाहेर पडलेले असत. मी दोन पत्रे लिहिली. 'आपल्या कृपाकटाक्षाची प्रतीक्षा करीत आहोत' असे दुसऱ्या पत्रात घातले, ते वाचून संताजी म्हणाला की अण्णा, चहा मागालाईस की मुलगी? त्याला हसू येत होते. मला येत नव्हते.

मोसम सुरू झाला. जुने शर्ट विटले होते आणि नवे छापायचे नव्हते, म्हणून पहिला सामना आमचा संघ पट्ट्यावर एकही अक्षर नसलेले शर्ट घालून खेळला. दगडी चावडीचा सामना त्या दिवशी नव्हता, तरी त्यांची पाच-सहाशे माणसे गॅलरीत येऊन बसली होती. आमची पोरे मैदानावर उतरताच त्यांनी एका सुरात 'कोरी पाटी, कोरी पाटी' असे सुरू केले, ते नव्वद मिनिटे थांबले नाहीत. आम्ही एक गोलने जिंकलो. तथापि घरी परतताना जिंकल्यासारखे कोणालाच वाटत नव्हते.

आमच्या तालमीचे अध्यक्ष ज्योतीराम वस्ताद. सत्तरी उलटलेली, परंतु मान अजून खांबासारखी. ते रोज दुकानावरून जाताना क्षणभर थांबत आणि आत न येता विचारीत, "काय रं हिंदुराव, तुझा चहा अजून उकळालाच हाय व्हय?"

मी म्हणे, "या आठवड्यात होईल, वस्ताद."

"हुईल, हुईल. दूध नासायच्या आत हुऊ दे म्हंजे झालं."

अखेर मार्गशीर्षाच्या शेवटी एका शुक्रवारी साहेब आले. या खेपेस ते स्वतः होऊन खुर्चीवर बसले. पुण्याने तोडगा काढला होता. कंपनी एकाच वेळी दोन्ही तालमींच्या शर्टांवर नाव घालील, म्हणजे कोणाला राग येण्याचे कारण उरणार नाही. पुढच्या बुधवारी दोन्ही संघांचा आपापसांत सामना होता. त्या दिवशी दोघांनी 'रानवेल' घालून खेळावे. पुण्याची दोन माणसे पाहायला येतील. त्यांना पसंत पडले की सोमवारी दोन्ही सेक्रेटरींच्या सह्या आणि संताजीचे नेमणूकपत्र. मात्र दोघे तयार असतील तरच. एकाने नकार दिला तर दोघांचेही रद्द.

"दगडी चावडीला तुम्ही विचारलंत?" मी विचारले.

"ते तुम्ही बघा ना," साहेब म्हणाले. "तुम्ही इथलेच. तुमचं त्यांच्यात वजन असेल."

माझे त्यांच्यात वजन! गेल्या अकरा वर्षांत मी त्या पेठेतून पायी गेलो नव्हतो. बाजारात जायचे झाले तरी वळसा घेत असे. वस्तादांना विचारावे तर ते पहिल्या वाक्यालाच उठून गेले असते, म्हणून मी कोणाला न विचारता शनिवारी दुपारी सायकल काढली.

दगडी चावडीचे सेक्रेटरी तातोबा इंगवले सायकल दुरुस्तीचे दुकान चालवीत. मी गेलो तेव्हा ते पाण्याच्या टोपात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा टोपाकडे पाहून म्हणाले, "या सेक्रेटरी. वाट चुकला, का चाक बसलं?"

मी उभ्यानेच सर्व सांगितले. माझ्या भावाच्या नोकरीचेही सांगितले, कारण न सांगता ते मागाहून कळले असते. त्यांच्याही एका खेळाडूला नोकरी मिळणार होती. तातोबांनी सगळे ऐकून घेतले, भोक सापडले तिथे खडूने खूण केली, आणि मग म्हणाले, "म्हंजे तुमच्या शर्टावर आधी ठरलेलं नाव आता आम्ही घालायचं. उष्टं खायचं म्हणतोस?"

"उष्टे कसे? दोघांनी एकाच दिवशी घालायचे आहे."

"ठरलं आधी कुणाचं? तुमचं. साऱ्या गावाला म्हाईत हाय. आमच्या पोरांनी ते घातलं तर तुमची गॅलरी काय म्हणंल? टाकलेलं उचललं म्हणंल." त्यांनी ट्यूब पुसली. "न्हाई जमत."

मी हात जोडले. हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु मी दगडी चावडीत भर रस्त्याकडेला हात जोडून उभा राहिलो. तातोबांनी ट्यूब खुंटीला अडकवली आणि विचारले, "छापणार कोण?"

"मीच. दोन्हीकडचे."

"मग एक कर. आमची अक्षरं तुमच्यापेक्षा एक बोट मोठी ठेव. मग ते उष्टं न्हवं. मग ते आमचं, आणि तुम्ही घातलं असं हुतंय."

"लोकांना कळले तर?"

"मी कुणाला सांगत न्हाई. माझं मला ठाऊक असलं म्हंजे बास. रात्री झोप लागली पाहिजे माणसाला. तू तुमच्यात सांगू नगंस."

एक बोट. मी मनात हिशेब केला की उभ्या पट्ट्यांवर अक्षरे तशीही बारीक भासतात. एक बोट कोणाच्या डोळ्यात येणार? आणि बुधवार चार दिवसांवर होता. मी होय म्हणालो.

वस्तादांना मी एवढेच सांगितले की कंपनी दोघांना देणार आहे, दोघांना सारखे. ते रागावले, परंतु 'कोरी पाटी' त्यांनाही झोंबली होती. पोरांसाठी म्हणून त्यांनी मान हलवली. सारखे या शब्दावर त्यांनी मला पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा सारखेच म्हणालो.

रविवारी सकाळी मी दुकानाचे शटर अर्धे ओढून छपाईला बसलो. संताजीला सुट्टी होती, म्हणून तो मदतीला आला. आमचे पिवळे शर्ट दुपारपर्यंत छापून दोरीवर गेले. मग मी छपाईची जाळी ताणलेली दुसरी चौकट काढली. ती पाहताच संताजीने आपला पंजा आधी वाळणाऱ्या शर्टावर ठेवला आणि मग नव्या जाळीवर ठेवला.

"अण्णा, ही मोठी हाय."

"पट्ट्यांवर अक्षर लहान दिसते," मी म्हणालो. "म्हणून."

तो माझ्याकडे पाहत राहिला. भट्टीपुढे काम करणाऱ्या माणसाची नजर स्थिर असते. तिच्यापुढे फार वेळ टिकता येत नाही. मी त्याला तातोबांची अट सांगितली. ती मी कोणासाठी मान्य केली, हे सांगण्याचे कारण नव्हते.

त्याने काही वेळ शाईच्या डब्याचे झाकण हातात फिरवले. मग निळ्या-पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा सोडून पहिला शर्ट फळीवर सरळ केला, चौकट त्यावर टेकवली आणि रबराची पट्टी स्वतःच ओढली.

"हे कुठं बोलू नगंस," तो म्हणाला.

बुधवारी दोन्ही संघ 'रानवेल' छातीवर घेऊन मैदानात आले तेव्हा स्टेडियम गप्प झाले. असा गप्पपणा मी तिथे त्यापूर्वी कधी अनुभवला नव्हता. दोन्ही गॅलऱ्यांत हजारो माणसे बसली होती आणि समोरच्याला काय ओरडावे हे कोणाला सुचत नव्हते. कोरी पाटी म्हणावे तर पाटी कोरी नव्हती. चहावरून चिडवावे तर तोच चहा स्वतःच्या पोरांच्या छातीवर होता. खेळही तसाच झाला. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. पुण्याची माणसे मात्र खूश दिसली. उकिडवे साहेबांनी निघताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सोमवारी अकरा वाजता, सातपुते. शिक्का घेऊन या."

मी घरी येताना अर्धा किलो पेढे आणले.

गुरुवारी सकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार हात मिळवत आहेत. डावीकडे संताजी, उजवीकडे दगडी चावडीचा कर्णधार. दोघे खांद्याला खांदा लावून कॅमेऱ्याकडे पाहत होते. आमचे 'रानवेल' काळ्या पट्ट्याच्या मधोमध नीट बसले होते. त्यांचे, उंचीबरोबर रुंदीही वाढल्यामुळे, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत गेले होते. मैदानावर दोन संघ वेगवेगळे धावतात तेव्हा जे कळत नाही, ते तीन स्तंभांच्या छायाचित्रात लहान मुलालाही कळेल असे होते. दहा वाजेपर्यंत तो अंक पेठेतल्या दुकानादुकानांत पसरला होता.

दिवेलागणीला तालमीत बैठक बसली. वस्तादांनी अंक मारुतीसमोर फरशीवर पसरला, वाकून संताजीच्या छातीवरल्या अक्षरावर बोट टेकवले, मग शेजारच्या अक्षरावर टेकवले. ते काही ओरडले नाहीत.

"कंपनीचा दोष न्हाई," ते म्हणाले. "कंपनीला आपलं नाव कुठं का असंना, दिसल्याशी कारण. दोष छापणाऱ्याचा हाय. कुणी केलं त्यानं मातीला हात लावून सांगावं."

आमच्या तालमीत खरेखोटे करायचे झाले तर शपथ घेत नाहीत. आखाड्याच्या हौद्यातल्या लाल मातीत पंजा रोवायचा आणि बोलायचे. मी लहानपणापासून अनेकांना असे बोलताना पाहिले होते. पैलवानांनी हार कबूल केली आहे, एकाने चोरी कबूल केली आहे. त्या मातीत हात ठेवून कोणी खोटे बोलल्याचे मी ऐकले नव्हते.

चाळीसेक माणसे माझ्याकडे पाहत होती. दुकान माझे, जाळी माझी; दुसरे कोण असणार? मी उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात सोमवार आला, अकरा वाजले, मंडळाचा शिक्का आणि कराराचा कागद आला. मला एक-दोन श्वासांचा उशीर झाला असेल. तेवढ्यात संताजी उठून हौद्यात उतरला होता.

त्याने उजवा हात मनगटापर्यंत मातीत घातला.

"जाळी मी बदलली," तो म्हणाला. "दुसऱ्या मापाची आलेली, मी बघितली न्हाई. अण्णाला ठाऊक न्हाई."

"बघितली न्हाई, का बघून बदलली?" वस्तादांनी विचारले.

तो किंचित थांबला. "बघून. त्यांच्यातल्या एकानं सांगितलं हुतं."

मला वाटते, पहिले उत्तर कोणाला पटणार नाही हे त्याला मातीत हात घातल्यावर कळले असावे. खोटे बोलायचेच तर पुरते बोलावे लागते. कोणीतरी मागून घाण शिवी दिली. वस्तादांनी ती ऐकून घेतली. मग त्यांनी संताजीला हौद्यातून वर येऊ दिले, हात धुऊ दिला, आणि निर्णय दिला की या माणसाने पुन्हा पिंपळवेशीचा शर्ट अंगात घालू नये, तालमीची पायरी चढू नये. सारख्या मापाच्या अक्षरांचे नवे शर्ट मी छापून द्यावेत असेही ठरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून वस्ताद म्हणाले, "तुझा भाऊ असला तरी तुझा काय दोष न्हाई, हिंदुराव."

मी मान खाली घातली. सर्वांनी ती लाजेने खाली गेली असे मानले, आणि ते खरेच होते.

घरी जाताना संताजी माझ्यापुढे चार पावले चालत होता. कोपऱ्यावर मी त्याला गाठले आणि का असे केलेस, असे विचारले.

"सोमवारी करारावर सही कुणाची हाय?"

"माझी."

"तुला काढलं असतं तर सही कुणी केली असती? नवा सेक्रेटरी नेमायला यांना महिना लागतोय." तो लंगडत होता, गुडघा सुजला असावा. "कंपनीच्या कागदावर माझं नाव हाय. मी शर्ट घालतोय का न्हाई, ते त्यास्नी काय कळतंय? एकदा पत्र हातात पडू दे. मग तू मातीत हात घाल आणि खरं काय ते सांग. पत्र आल्यावर सांगशील न्हवं?"

"सांगेन," मी म्हणालो.

"बास मग."

सोमवारी मी शिक्का घेऊन गेलो. पुण्याहून कागद आला नव्हता. साहेब म्हणाले, दोन दिवस. मी संताजीला म्हणालो, दोन दिवस. त्यानंतरच्या सोमवारी पुण्यात कोणाची तरी बदली झाली होती. मी संताजीला म्हणालो, या आठवड्यात नक्की. तो कामाला जाई, येई. सामन्याच्या दिवशी तो जादा पाळी घेऊ लागला. पेठेत त्याला 'एक बोट' असे नाव पडले होते. चहाच्या टपरीवर तो गेला की पोरे एकमेकांना बोट दाखवीत आणि मग ते शहाजोगपणे खिशात घालीत. संघ त्याच्यावाचून दोन सामने हरला, तेही त्याच्याच खात्यावर जमा झाले.

इकडे चहाचे निराळेच चालले होते. आमच्या पेठेने रानवेल विकत घेणे बंद केले, कारण अक्षरे त्यांची मोठी, म्हणजे चहा त्यांचा. आणि दगडी चावडीनेही बंद केले, कारण छपाई पिंपळवेशीची, म्हणजे त्यात काहीतरी काळेबेरे असणारच. तातोबा इंगवल्यांच्या घरी तो उकळत होता की नाही, मला माहीत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने खोकी न उघडताच परत पाठवली.

तिसऱ्या आठवड्यात टपालाने पत्र आले. 'विद्यमान परिस्थितीत सदर प्रस्तावाचा विचार करणे तूर्त शक्य नाही, याबद्दल दिलगीर आहोत.' खाली उकिडवे साहेबांची सही. मी ते पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि दुपारच्या सुट्टीत फौंड्रीवर गेलो.

संताजी बाहेर वाळूच्या ढिगावर बसून भाकरी खात होता. मी पत्र पुढे केले. हात खरकटा म्हणून त्याने ते घेतले नाही. मीच वाचून दाखवले. आतून भट्टीचा भाता ऐकू येत होता. त्याने उरलेली भाकरी संपवली आणि तो तांब्यातून पाणी प्याला.

"बरं झालं," तो म्हणाला. "सुटलो रोजच्या वाट बघण्यातनं."

मी त्याला धीर देण्यासाठी काही बोलू लागलो. अमुक कारखान्यात ओळख आहे, तमुक साहेबांना भेटतो. त्याने हात हलवून ते थांबवले.

"अण्णा, नोकरी न्हाई तर न्हाई. हिवाळ्याचे चार सामने ऱ्हायल्यात. तेवढं मला खेळू दे. आता सही न्हाई, काय न्हाई. आता तुला सांगायला काय हरकत हाय?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "शनिवारी बैठक आहे. तिथे सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

तो हसला. त्या तीन आठवड्यांत तो पहिल्यांदा हसला. मग भोंगा झाला आणि तो आत गेला.

शनिवारी संताजी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आला. पायरी चढायची नव्हती म्हणून तो रस्त्यावर, उघड्या दाराच्या समोर उभा राहिला. माझ्या जागेवरून तो मला सरळ दिसत होता. सभेस पस्तीस माणसे हजर होती. मी सेक्रेटरी या नात्याने कंपनीचे पत्र वाचून दाखवले. त्यावर वस्तादांनी सर्वांसमोर माझे आभार मानले. इतके महिने या माणसाने किती खेटे घातले, किती अपमान गिळला, आणि घरच्याच माणसाने त्याच्यावर पाणी ओतले तरी हा डगमगला नाही, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्यानंतर मैदानावरच्या गवताचा विषय झाला, मारुतीच्या अभिषेकाचा झाला, नव्या कर्णधाराची निवड झाली. प्रत्येक विषय संपला की मी दाराकडे पाही आणि संताजी मान किंचित पुढे करी.

शेवटी वस्तादांनी विचारले, "आणि कुणाला काय बोलायचं हाय?"

त्या सभेचे इतिवृत्त माझ्याच हातचे आहे. वही अजून तालमीच्या कपाटात आहे आणि अक्षर स्वच्छ लागते. शेवटच्या ओळीत लिहिले आहे : ऐनवेळचे विषय — काही नाही.